टोका की गवताचं बी?

दशलक्षण पर्वाच्या आधी वर्षाचे तांदूळ पुन्हा एकदा निवडून ठेवायची आमच्या घरची रीत आहे. भाद्रपदात बेळगावचा पाऊस सरलेला नसतो. दमट हवेत धान्याला कीड लागते आणि घरात उजेडही बेताचाच असतो. दोन वर्षांपूर्वी असंच झालं. सूनबाईंनी तांदूळ निवडून सुपात ठेवले होते. मी येताजाता पाहिलं तर मधोमध एक काळपट टिपका. पाहुण्या बसल्या होत्या, तरी मी बोलून गेले, "न बघताच निवडलेस वाटतं? टोका आहे हा!"

तिने तो टिपका तळहातावर घेतला, दारात उजेडात नेला, परत आली आणि म्हणाली, "आई, गवताचं बी आहे." एवढंच. पुढे दोन महिन्यांनी सुईत दोरा ओवेना म्हणून डॉक्टरांकडे गेले, तेव्हा माझ्या मोतीबिंदूचं निदान झालं. पण सगळा दोष मोतीबिंदूवर टाकून मला मोकळं होता येईना. डोळ्यांनी मला फक्त काळा टिपका दाखवला होता. "टोका" हे मी ठरवलं. आणि "सून निष्काळजी आहे" हेही मीच ठरवलं. दोन्ही निकाल एका नजरेत!

त्या दिवसांत बस्तीतल्या स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय चालू होता. मतिज्ञानाच्या चार पायऱ्या आपण पाठ म्हणतो: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. त्या वर्षी मात्र त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या वाटल्या. पूज्यपाद आचार्य पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे. उमास्वामींच्या सूत्रांवरच्या 'सर्वार्थसिद्धी' या टीकेत त्यांनी दिलेलं उदाहरण अगदी घरगुती आहे. लांबवर काहीतरी पांढरं दिसतं. पांढरं रूप आहे एवढंच कळणं हा अवग्रह. मग मन विचारतं, बगळी असेल की पताका? ही ईहा. ते वर उडतं, खाली येतं, पंख हलवतं, म्हणजे बगळीच. हा अवाय, म्हणजे निश्चय. आणि सकाळी पाहिली ती हीच, असं पुढे ओळखता येणं ही धारणा. अवग्रहाच्याही आधी, "काहीतरी आहे" इतपत भासणारं दर्शन त्यांनी वेगळं सांगितलं आहे.

आपल्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत भर उन्हातून आत शिरून बघा. आधी नुसता अंधार. मग वर काहीतरी कोरीव आहे असं वाटतं. मग हळूहळू छतावरचं दगडी कमळ पाकळी पाकळीने उमलतं. अंधारामुळे पायऱ्या सुट्या होतात म्हणून त्या कळतात. एरवी त्या इतक्या झरझर चढल्या जातात, की आपल्याला वाटतं, डोळे उघडले आणि दिसलं.

पश्चिमेकडच्या विद्वानांना हे कसं उमगत गेलं, ते मी नंतर मुलाने आणून दिलेल्या पुस्तकांतून वाचलं. बसऱ्यात जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले इब्न अल्-हैथम अकराव्या शतकात होऊन गेले. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे तर त्यांनी मांडलंच. शिवाय ओळखीची वस्तू आपण स्मरणातल्या रूपाशी ताडून ओळखतो आणि हे इतकं भरकन होतं की आपल्या ध्यानातच येत नाही, असंही सांगितलं. 1604 मध्ये केप्लरने दाखवलं की डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र उलटं पडतं. ते आपल्याला सुलटं कसं दिसतं, हा प्रश्न त्याने पुढच्यांवर सोडला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने म्हटलं, पाहणं म्हणजे नकळत काढलेलं अनुमान.

डोळ्यांचा निरोप मेंदूत नेमका कुठे पोचतो, हे कळायला मात्र एक युद्ध कारणी लागलं. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात डोक्याच्या मागच्या भागाला गोळी लागलेले सैनिक तात्सुजी इनोये या जपानी नेत्रवैद्याने तपासले. त्यांचे डोळे शाबूत, पण समोरच्या दृश्याचा एखादा तुकडा दिसेनासा झालेला. कुठे जखम झाली की कुठला तुकडा जातो, याचा त्याने नकाशाच काढला. म्हणजे पाहण्याचं मोठं काम मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला चालतं.

पुढे 1958 मध्ये अमेरिकेत ह्यूबेल आणि वीझेल हे दोघे मेंदूतल्या एकेका पेशीचं बोलणं ऐकत होते. काचपट्टीवरचे ठिपके दाखवून दाखवून थकले, पेशी ढिम्म. मग काचपट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पुढे सरकली, आणि पेशी तडतडायला लागली. तिला ठिपका नको होता. ठराविक कलाची रेघ हवी होती. मेंदूत चित्र जसंच्या तसं पोचत नाही. रेघा, कडा, हालचाल असे तुकडे होतात आणि त्यांतून वस्तू जुळवली जाते. या कामाला 1981 चं नोबेल मिळालं. हे प्रयोग मांजरांवर आणि पुढे माकडांवर झाले. वाचताना जीव कळवळतो, आणि आपल्यासारख्यांनी ते लपवून पुढे जाऊ नये, म्हणून इथे लिहिते.

पुढची पायरी निश्चयाची. न्यूसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात पडद्यावर ठिपक्यांची गर्दी दाखवली. काही ठिपके एका दिशेने जाणारे, बाकीचे सैरावैरा. गर्दी कुठे चालली आहे ते माकडाने ओळखायचं. नंतरच्या वर्षांत शॅडलेन आणि न्यूसम यांना अशा पेशी सापडल्या, ज्यांची लय पुरावा साठत जाईल तशी चढत जाते. पुरावा भक्कम असला तर भराभर, पुसट असला तर सावकाश. ती एका उंबरठ्याला टेकली की निर्णय होतो. "बगळी की पताका" हे विचारत पंख हलण्याची वाट बघणारी ईहा मला त्या चढत्या लयीत दिसली.

इथे एक सांगायला हवं. आपल्या आचार्यांना मेंदूतल्या पेशी ठाऊक होत्या, असं मी म्हणत नाही. तसं म्हणण्याची आपल्याला फार घाई असते. त्यांचा विषय आत्म्याचं ज्ञान हा होता, यंत्रं नव्हती. त्यांनी स्वतःच्या पाहण्याकडे बारकाईने पाहिलं आणि पायऱ्या वेगळ्या केल्या. तेवढंच मोठेपण पुरेसं आहे.

मला सर्वांत उपयोगी पडली ती गोष्ट निराळीच. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर पुसट ठिपके दिसत. विमान की नुसता गोंधळ? चुकून विमान म्हटलं तर धावपळ वाया. विमान असून नाही म्हटलं तर माणसं मरणार. या पेचातून जो विचार निघाला, तो 1954 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या टॅनर आणि स्वेट्स यांनी माणसाच्या नजरेला लावला. त्यांचं म्हणणं असं, की दिसलं की नाही हे फक्त नजरेच्या तीक्ष्णतेवर ठरत नाही. आपण "हो" म्हणायचा उंबरठा कुठे ठेवलाय, त्यावरही ठरतं. आणि तो उंबरठा चुकीची किंमत पाहून ठेवायचा असतो.

हे वाचलं आणि सासूबाई आठवल्या. त्या म्हणायच्या, "शंका आली की दाणा बाजूला." शाळा चौथीपर्यंतची, पण हिशेब पक्का! चुकीने एक चांगला दाणा गेला तर काय मोठं? पण जीव शिजला तर पाप. म्हणून तांदळाच्या सुपात उंबरठा खाली. पुसट शंकाही पुरे.

माझं चुकलं ते इथे. दाण्यासाठीचा तोच खालचा उंबरठा मी माणसाला लावला. टिपका दिसला, टोका ठरला, आणि त्याच झपाट्यात सून निष्काळजी ठरली. दाणा बाजूला काढला तर त्याला दुखत नाही. माणसाला चार पाहुण्यांत बाजूला काढलं की ते वर्षानुवर्षं आत राहतं. तिथे उंबरठा उंच हवा. आधी विचारायचं, उजेडात न्यायचं, हालचाल बघायची, मग बोलायचं. आणि मागच्या वेळची धारणा या वेळच्या अवग्रहावर लादायची नाही. "ही अशीच आहे" हे मनात आधीच ठरलेलं असलं की डोळे तेच आणून देतात. सूनबाई नोकरी करते, घाईत असते, हे माझ्या मनात होतंच. म्हणून मला बी दिसलं नाही.

गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला. रंग उजळ झाले, दोरा ओवता येऊ लागला. यंदाही तांदूळ निवडायला आम्ही दोघी दारातल्या उजेडात बसलो. मला एक टिपका दिसला. मी काही न बोलता सूप तिच्याकडे सरकवलं. तिने बोटाने हलकेच हलवून पाहिलं. तो चालायला लागला.

"आई, या खेपेला टोका," ती हसून म्हणाली. तिने तो कागदावर घेतला आणि अंगणात सोडून आली. तेव्हा मी तिला त्या दिवसाबद्दल, दोन वर्षं उशिरा, माफी मागितली. उत्तम क्षमेचा दिवस अजून यायचा होता, पण त्यासाठी थांबले नाही.