अर्ध्यावर सुटलेल्यांचं इंग्रजी

विमा काढलेल्यांना ‘सरेंडर व्हॅल्यू’ हा शब्द चांगलाच ठाऊक असतो. हप्ते मध्येच थांबले तर हाती काय पडणार, त्याचा हिशोब. हाच शब्द मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने शाळेतल्या इंग्रजीला लावला. १९२०च्या दशकात ते ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधली बहुतेक मुलं शाळा पुरी न करताच बाहेर पडत. दोन-तीन वर्षं इंग्रजी शिकून सुटलेल्या अशा मुलाच्या पदरात काय उरतं? जवळजवळ काहीच नाही, हे वेस्टना दिसलं. १९२६ साली ‘बायलिंग्वलिझम’ या पुस्तकात त्यांनी हा विचार मांडला, आणि मग स्वतःच वाचनमाला लिहायला घेतली.

जुन्या क्रमिक पुस्तकांत त्यांना दोन खोडी आढळल्या. एक म्हणजे, कवितेत शोभतील असे शब्द. ‘आयल’ काढून त्यांनी ‘आयलंड’ घातला, ‘एअर’च्या जागी ‘बिफोर’. दुसरी खोड नव्या शब्दांच्या गर्दीची. त्यांनी नवे शब्द कमी केले आणि मजकूर वाढवला, म्हणजे एकदा भेटलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटत राहील. पुढे १९३५ साली त्यांनी एंडिकॉट यांच्यासह शब्दकोश काढला. त्यात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले होते! १९५३ची त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी तर जगभरच्या पाठ्यपुस्तककारांनी वापरली.

मला हे सारं फार उशिरा कळलं. लालबागच्या एका रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवत होतो, तेव्हा स्टेन्सिल कापून स्वतःचे धडे सायक्लोस्टाइल करायची मला भारी हौस. पहिल्याच धड्यात ‘मेडो’ आणि ‘ब्रुक’! गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या पोरांना मी कुरण आणि ओढा शिकवत होतो. एकदा एक बदली कामगार प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म घेऊन आला. म्हणाला, ‘‘सर, ‘नॉमिनी’ म्हणजे कोण लिहायचं?’’ माझ्या एकाही धड्यात हा शब्द नव्हता.

वेस्ट यांचं सगळंच मला पटत नाही. आधी वाचन, बोलणं मागाहून, हा त्यांचा आग्रह. पण माझ्या मुलांना बँकेच्या खिडकीशी उभं राहून दोन वाक्यं बोलायची असत, त्याचं काय?

तो फॉर्म मी धडा म्हणून लिहायला घेतला. एवढ्यात जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. स्टेन्सिल कापून झाली तेव्हा चाळीसांच्या वर्गात अकराजण उरले होते. फॉर्म आणणारा मुलगा राजापूरकडे आपल्या गावी निघून गेला होता.