येनाला आलेले पत्र

जर्मनीतल्या येना विद्यापीठात गॉटलोब फ्रेगे हे गणिताचे प्राध्यापक होते. अंकगणिताची सारी इमारत निव्वळ तर्कशास्त्राच्या पायावर उभारायची, हा त्यांचा ध्यास. ग्रंथाचा पहिला खंड १८९३ साली निघाला. त्याकडे फारसे कोणी ढुंकून पाहिले नाही. दुसऱ्यासाठी त्यांनी पदरमोड केली. तो छापखान्यात असतानाच, १६ जून १९०२ रोजी, नुकतीच तिशी गाठलेल्या बर्ट्रंड रसेलने त्यांना इंग्लंडहून पत्र धाडले. स्तुती मनापासूनची; मध्येच एक शंका.

शंका अशी. फराळाच्या ताटातील लाडवांचा वर्ग घ्या. वर्ग हा काही लाडू नव्हे. म्हणजे तो स्वतःत मोडत नाही. उलट, जे जे लाडू नव्हे त्या सर्वांचा वर्ग स्वतःही लाडू नसल्यामुळे स्वतःतच मोडतो! आता जे वर्ग स्वतःत मोडत नाहीत, त्या सर्वांचा एक वर्ग करा. तो स्वतःत मोडतो काय? होय म्हणावे तर मोडता कामा नये. नाही म्हणावे तर मोडलाच पाहिजे. कोणत्याही गुणधर्मावरून वर्ग बनतो, असे फ्रेगे धरून चालले होते. नेमका तोच चिरा निखळला.

अशा वेळी शब्दच्छल करून निसटणारे पंडित थोडे नाहीत. फ्रेगेंनी सहाच दिवसांत कळविले, की आपण हादरलो आहोत, तरी शोध मोलाचा आहे. १९०३ साली दुसरा खंड निघाला, तेव्हा परिशिष्ट जोडून तो आक्षेप त्यांनी स्वतःच जगापुढे मांडला. त्यांनी सुचविलेली दुरुस्ती मात्र टिकली नाही.

१९६२ साली हे पत्र छापण्याची परवानगी मागितली गेली, तेव्हा नव्वदी गाठलेल्या रसेलने ती आनंदाने दिली. फ्रेगेंच्या सत्यनिष्ठेला आपल्या माहितीत तोड नाही, असेही लिहिले.