वाळवंटातील वहिवाट

दमास्कसहून मक्केस जाणारा हाजींचा तांडा ज्या मुलुखातून जाई, तेथे अंमल तुर्की सुलतानाचा असला तरी वाट मात्र बेदुईन टोळ्यांची होती. म्हणून तांड्याचा सरदार दरसाल पैशांच्या थैल्या बरोबर घेऊन निघे आणि वाटेवरील शेखांना ठरलेले मामूल पोचते करी. हा बंदोबस्त ढासळला म्हणजे कोणता अनर्थ ओढवे, ते १७५७ साली दिसून आले. बनी सख्र टोळीने परतणारा तांडा लुटला आणि हजारो यात्रेकरू प्राणास मुकले. दुबळ्या टोळ्यांकडून व मरूद्यानांतील शेतकऱ्यांकडून बेदुईन जी 'खुवा' घेत, तिचे मर्म चौथाईचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकास निराळे सांगावयास नको: द्रव्य घ्यावे आणि अभय द्यावे.

हिवाळी पावसामागून वाळवंटात खोल शिरावे आणि उन्हाळ्यात विहिरींच्या आश्रयास परतावे, असा उंटपाळ टोळ्यांचा वर्षक्रम असे. तंबूसाठी बकऱ्यांच्या काळ्या केसांचे पट्टे बायका जमिनीवरच्या मागावर विणीत. नवा पट्टा छताच्या मध्यभागी शिवला जाई आणि जीर्ण पट्टे कडेकडेला सरकत. पाऊस पडला की हे केस फुगून विणीची छिद्रे बुजत. पुरुषांच्या दालनात कॉफी कुटणाऱ्या मुसळाचा नाद उठला की ते शेजाऱ्यापाजाऱ्यांस आमंत्रणच ठरे, आणि तंबूत उतरलेल्या अनोळखी पाहुण्याचे तीन दिवस रक्षण करणे हे यजमानाच्या अब्रूचे कर्तव्य होते.

टोळ्यांच्या स्वातंत्र्याचा पाया असा की, इतरांचे बेदुईनांवाचून चालत नसे. मालवाहू उंट त्यांचे, वाटाडे त्यांचे. एकोणिसाव्या शतकात बसऱ्याहून मुंबई बंदरात उतरणाऱ्या अरबी घोड्यांपैकी पुष्कळांची पैदासही याच टोळ्यांतली. १९०८ मध्ये हिजाझ रेल्वे मदिनेस पोचली, पाठोपाठ मोटार आली, आणि हा पाया खचला. पूर्वी कित्येक दिवसांची मजल करून गाठावयाचे कुरण मालमोटारीने काही तासांवर आणले. १९२९ साली सबिल्ला येथे सौदी राज्याचा संस्थापक इब्न सौद याने बंडखोर इख्वानांना, म्हणजे बेदुईन टोळ्यांतल्याच कडव्या लढवय्यांना, यंत्रबंदुकांनी मोडून काढले, तेव्हा घोडदौडीच्या लुटीचे युगही संपल्यासारखेच झाले. नव्या राज्यांच्या सरहद्दींनी चराईचे मार्ग तोडले. सौदी सरकारने १९५३ मध्ये टोळ्यांची राखीव कुरणे सर्वांस खुली केली, सीरियात १९५८ मध्ये टोळ्यांचा स्वतंत्र कायदा रद्द झाला. जी राखण टोळीचा शेख करीत असे ती कोणाचीच उरली नाही, आणि कुरणे उजाड होत गेली.

आज टँकर मेंढ्यांमागे पाणी घेऊन जातो आणि बहुसंख्य बेदुईन पक्क्या घरांत राहतात. जॉर्डनमधील पेट्रा व वादी रम येथील बेदुईनांच्या संस्कृतीस युनेस्कोने २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, हे उचितच झाले. परंतु वारसा म्हणून ज्यांचा गौरव करावयाचा, त्यांची कुरणांवरील पिढीजात वहिवाट राज्यांनी आधी मान्य केली पाहिजे. चराईचा हक्क हिरावून घेऊन तंबूचे तेवढे जतन करणे, हा न्याय नव्हे.