जुनी खेळण्यातली गाडी ऑनलाइन लिलावात विकायची आहे? आधी खरा भाव कसा ठरतो ते समजून घ्या

दिवाळीची साफसफाई चालू असते. माळ्यावरचा एक डबा खाली येतो आणि त्यात बाबांच्या किंवा काकांच्या लहानपणीची गाडी सापडते. लगेच मोबाइलवर सर्च होतं आणि तशीच गाडी कुठेतरी ५०० डॉलरला दिसते. मग वाटतं, आपल्या घरात खजिनाच आहे!

जरा थांबा. तो आकडा बऱ्याचदा कुणीतरी मागितलेला भाव असतो, मिळालेला नाही. जुन्या खेळण्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ याच एका गोष्टीमुळे होतो. म्हणूनच गाडी ओळखण्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत काय काय बघायचं, ते क्रमाने समजून घेऊया.

डाय-कास्ट गाड्या म्हणजे काय?

आपण यांना लोखंडी गाड्या म्हणतो, पण त्यात लोखंड नसतं. जस्ताचा मिश्रधातू वितळवून तो दाबाने पोलादी साच्यात भरतात, म्हणून नाव डाय-कास्ट. गोळा करणाऱ्यांमध्ये तीन ब्रँड खास प्रसिद्ध आहेत:

- डिंकी टॉईज: इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने हे नाव १९३४ पासून वापरलं. तिथला कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.
- मॅचबॉक्स: लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ मध्ये सुरू केलेली काडेपेटीएवढ्या खोक्यातली मालिका.
- हॉट व्हील्स: अमेरिकेच्या मॅटेलने १९६८ मध्ये १६ गाड्यांनी सुरुवात केली.

यात भारतही आहे. डिंकीचे काही जुने साचे कोलकात्यात आले आणि तिथे 'निकी टॉईज' नावाने गाड्या बनल्या. पुढे 'लिओ मॅटेल' नावाखाली हॉट व्हील्सही भारतात तयार झाल्या. त्यांचे रंग आणि स्टिकर परदेशी गाड्यांपेक्षा वेगळे असल्याने बाहेरचे संग्राहकही त्या शोधतात.

गाडी खरंच जुनी आहे का?

- खालचं साल बघून फसू नका. हॉट व्हील्सच्या तळाशी छापलेलं साल त्या डिझाइनच्या कॉपीराइटचं असतं. गाडी त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेली असू शकते.
- चाकं बघा. १९६८ ते १९७७ या काळातल्या हॉट व्हील्सच्या टायरवर बारीक लाल रेघ असायची. या गाड्यांना 'रेडलाइन' म्हणतात. कंपनीने ही चाकं नंतर काही खास मालिकांतही वापरली, त्यामुळे फक्त रेघेवर विसंबू नका.
- रिव्हेट बघा. तळाचं रिव्हेट ड्रिल केलेलं असेल किंवा तिथे स्क्रू बसवलेला असेल, तर गाडी उघडून पुन्हा रंगवलेली असण्याची शक्यता मोठी.
- भेगा बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बऱ्याच डिंकी गाड्यांच्या धातूत शिशासारखी भेसळ राहून गेली होती. असा धातू हळूहळू तडकतो आणि त्याचे तुकडे पडतात. यावर उपाय नाही.

जुनी म्हणजे महाग नव्हे

१९६९ ची फोक्सवॅगन 'बीच बॉम्ब' ही हॉट व्हील्सची व्हॅन याचं चांगलं उदाहरण आहे. पहिल्या नमुन्यात सर्फबोर्ड मागच्या खिडकीतून आत ठेवलेले होते. पण ती व्हॅन अरुंद होती आणि ट्रॅकवर नीट चालेना. मग डिझाइन बदललं, सर्फबोर्ड बाजूला आले आणि तीच आवृत्ती दुकानात गेली. आज मागून बोर्ड घातलेला नमुना हॉट व्हील्समधल्या सगळ्यात महागड्या गाड्यांत मोजला जातो. बाजूला बोर्ड असलेली व्हॅन त्याच काळातली, पण तिचा भाव त्याच्या जवळपासही जात नाही. वय सारखंच, फरक फक्त किती नग उरले याचा.

दुसरा मुद्दा अवस्थेचा. मूळ रंग, मूळ टायर आणि मूळ खोकं असेल तर भाव खूप वाढतो. म्हणून गाडी सापडल्यावर घासू नका, रंगवू नका, ऑइल लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस. फाटकं खोकंसुद्धा टाकून देऊ नका, त्याला सेलोटेपही लावू नका.

फोनवर खरा भाव कसा शोधायचा?

१. गाडीचा तळ, पुढची बाजू आणि चाकं यांचे फोटो काढून इमेज सर्च करा. नेमकं मॉडेल आणि रंग शोधा.
२. ईबे अ‍ॅपमध्ये तेच नाव टाका आणि फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स' निवडा. आता फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दिसतील.
३. तुमच्या गाडीसारख्याच अवस्थेतले किमान पाच-सहा व्यवहार बघा. सगळ्यात मोठा आकडा सोडून द्या, मधला धरा.

लिलाव कसा चालतो?

ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता आणि सिस्टिम तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा तुम्ही ५० डॉलर टाकले आणि दुसऱ्याची कमाल ३५ आहे, तर तुमची बोली ३६ वर थांबते, ५० वर जात नाही. बरेच जण शेवटच्या काही सेकंदांत बोली लावतात, त्याला 'स्नायपिंग' म्हणतात. त्यावर उपाय सोपा आहे: आपली खरी कमाल रक्कम आधीच ठरवा आणि भरात येऊन वाढवू नका.

लिलावगृहात आणखी दोन शब्द कळायला हवेत. 'रिझर्व्ह' म्हणजे ज्याच्या खाली वस्तू विकली जाणार नाही ती रक्कम. 'हॅमर प्राइस' म्हणजे शेवटची बोली. पण हातात येणारे पैसे वेगळे असतात. उदाहरणार्थ, हॅमर प्राइस १०,००० रुपये, खरेदीदाराकडून २० टक्के प्रीमियम आणि विक्रेत्याकडून १५ टक्के कमिशन असेल, तर खरेदीदार १२,००० देतो आणि तुम्हाला ८,५०० मिळतात. फोटो, विमा, पोस्टाचा खर्च वेगळा. त्यामुळे नियम आधी वाचा.

विकताना एवढं सांभाळा

- उजेडात, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. ओरखडे लपवू नका. टायर किंवा खोकं नवीन बनवलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. नाहीतर वस्तू परत येते, वर रेटिंगही जातं.
- ओळखीच्याकडून किंवा दुसऱ्या अकाउंटवरून स्वतःच्याच वस्तूवर बोली लावणं हा गैरव्यवहार आहे.
- भारतातच क्लासिफाइड अ‍ॅपवर विकत असाल तर लक्षात ठेवा, पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" असं कुणी म्हणालं की चॅट तिथेच बंद करा.
- वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशात नियमित विक्री करायची असेल तर आयईसी क्रमांकही लागतो.

थोडक्यात

मॉडेल ओळखा, साफसफाईचा मोह टाळा, विकले गेलेले भाव बघा आणि सगळी कपात धरून हिशोब करा. आणि हो, लिस्टिंग टाकण्याआधी ज्याची गाडी आहे त्याला एकदा विचारा. हिशोबाअंती हातात दीड हजारच येणार असतील, तर कदाचित काका म्हणतील, "राहू दे रे, शोकेसमध्ये ठेव."