बटाट्याची रास कोणती?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खालाने एक चित्र पाठवले. वर्षाचे बारा भाग आणि प्रत्येक भागावर एक भाजी. आपली जन्मतारीख शोधायची, भाजी बघायची आणि खाली लिहिलेला स्वभाव वाचायचा. कांदा : वरून कोरडा, जवळ जाल तर रडवील. कारले : बोलणे कडू, मन औषधी. भेंडी : दिसायला नाजूक, पण एकदा चिकटली की सुटत नाही. ढोबळी मिरची : आकार मोठा, तिखटपणा नावालाच. तासभर ग्रुपवर नुसता हशा चालला होता. भाभी भेंडी निघाली, तेव्हा भाईजानने काहीही न लिहिता फक्त अंगठा दाखवला.

मग कुणीतरी अब्बांची तारीख विचारली. १ जून. भाजी दुधी भोपळा. स्वभाव : कुणाच्याही डाळीत मिसळतो, स्वतःची चव सांगत नाही. मोठ्या चाचांची तारीख? १ जून. मामूंची? तीही १ जून. फुफाजींची? १ जून. अब्बा म्हणाले, ''म्हणजे आमची अख्खी शाळाच दुधी!''

महाराष्ट्रातल्या वाचकांना यातली गंमत समजावून सांगायला नको. त्या पिढीत जन्माची नोंद क्वचितच होई. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आई-बाप पोराला गुरुजींपुढे उभे करत. हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोहोचला की पोर शाळेत घालण्याजोगे झाले असे समजायचे. गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवत आणि तारीख लिहीत १ जून. मराठा असो, मुसलमान असो, महार असो की माळी, सगळे एकाच दिवशी जन्मले! आकाशातल्या ग्रहांना जे जमले नाही ते गुरुजींच्या टाकाने केले.

पण त्या चित्राने मला वेगळ्याच विचाराला लावले. जन्माच्या दिवसाला वनस्पती चिकटवण्याचा हा खेळ किती जुना असेल?

तो फार जुना आहे. बारा राशींचे चक्र बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तयार झाले. तिथल्या उरुक शहरात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर राशींच्या याद्या आहेत. त्यांत प्रत्येक राशीपुढे एक दगड, एक झाड आणि एक वनस्पती लिहिलेली आहे. या पाट्या साधारण सव्वादोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. लिहिणाऱ्यांना यात काही विनोद दिसत नव्हता. त्यांच्या दृष्टीने ही विद्या होती आणि रोग्याच्या उपचाराशी तिचा संबंध होता.

ही विद्या ग्रीकांकडे गेली, हिंदुस्थानात आली, इराणात मुरली आणि आठव्या-नवव्या शतकात बगदादला पोहोचली. अल-बिरूनीने १०२९ मध्ये गझनीत 'किताब अल-तफ्हीम' लिहिली. रैहाना नावाच्या एका जिज्ञासू स्त्रीसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेले हे पुस्तक भूमितीपासून सुरू होते आणि गणित, खगोल, अस्तरलाब अशा पायऱ्या चढत फलज्योतिषापर्यंत येते. त्या शेवटच्या भागात कोष्टके आहेत. कोणती झाडे, कोणती पिके, कोणते अन्न कोणत्या ग्रहाचे, ते त्यांत सांगितले आहे. खालाच्या चित्राचा हा एक हजार वर्षांपूर्वीचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की बिरूनीने ज्योतिषाच्या भागाकडे वळतानाच आपला या विद्येवर फारसा भरवसा नाही हे सांगून टाकले आहे. लोक विचारतात म्हणून त्याने सगळे लिहिले, पण स्वतःचे मत लपवले नाही.

आपल्या दख्खनमध्येही हे लोण आले होते. विजापूरचा सुलतान पहिला अली आदिलशाह, म्हणजे चांदबिबीचा नवरा, याच्या दरबारात १५७० मध्ये 'नुजूम अल-उलूम' हा सचित्र ग्रंथ तयार झाला. राशी, ग्रह, तावीज, हत्ती-घोडे, शस्त्रे असे सगळे एका ठिकाणी, आणि त्यात इराणी, अरबी, तुर्की आणि हिंदू ज्ञान एकमेकांत मिसळलेले. हा ग्रंथ आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. उत्तरेत हुमायूनने दरबाराचे वार ग्रहांप्रमाणे वाटले होते. १५५६ च्या जानेवारीत दिल्लीत तो ग्रंथालयाच्या छपरावर शुक्राचा उदय बघायला चढला, उतरताना जिन्यावरून पडला आणि त्यातच गेला. त्याचा नातू जहांगीर याने १६१८ पासून राशींची चित्रे असलेली नाणी पाडली. तेव्हा 'कुंडली त्यांच्यात, आपल्यात नाही' असे आपण छातीठोकपणे म्हणतो त्यात फारसा दम नाही. आपल्याकडे शब्द वेगळे. कुणी सितारे मिळवतो, कुणी नावाचे आकडे काढतो.

खरे तर आपल्या परंपरेत याला उत्तर अगदी सुरुवातीलाच मिळाले होते. इ.स. ६३२ च्या सुमाराला पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, आकाशानेही शोक केला. शोकात बुडालेल्या बापाला ही समजूत सुखाची वाटली असती, आणि कुणी त्याला दोषही दिला नसता. पण त्यांनी ती तिथेच मोडून काढली. चंद्र-सूर्य कुणाच्या मरणासाठी किंवा जगण्यासाठी ग्रासले जात नाहीत, असे त्यांनी सांगितले. पुढे इब्न सिनाने फलज्योतिषाचे खंडन करणारी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. चौदाव्या शतकात इब्न खल्दूननेही आपल्या 'मुकद्दिमा'त या विद्येचे वाभाडे काढले.

आणि इथे गंमत अशी, की भाजी आणि स्वभाव यांचा सर्वांत गंभीर विचार याच इब्न सिनाने केला! युनानी वैद्यकात माणसाचे चार मिजाज मानतात : दमवी, बलगमी, सफरावी आणि सौदावी. म्हणजे रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त यांपैकी ज्याचा जोर असेल तसा माणूस. अन्नालाही मिजाज असतो. काकडी थंड आणि ओली, लसूण गरम आणि कोरडा. बिचारे वांगे काळे पित्त वाढवते, माणसाला उदास करते, म्हणून अरब हकिमांनी त्याला बदनाम करून ठेवले. हे सगळे आजच्या विज्ञानाला मान्य नाही. पण त्यातली एक गोष्ट विसरू नये. हकीम जन्मतारखेवर विसंबून नव्हता. तो नाडी धरायचा. काय खाता, झोप कशी, राहता कुठे, वय किती, ऋतू कोणता, हे विचारायचा. मिजाज वयाप्रमाणे बदलतो, हवेप्रमाणे बदलतो, खाण्यापिण्याने बदलतो, असे तो मानत होता. माणूस बदलू शकतो, हा त्या वैद्यकाचा पाया होता. राशीच्या कोष्टकात तेवढीच एक गोष्ट बसत नाही.

मग हे चित्र वाचताना प्रत्येकाला 'अरे, हा तर मीच' असे का वाटते? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून स्वभाववर्णन लिहून दिले. किती बरोबर आहे त्याला पाचपैकी गुण द्या, म्हणाला. सरासरी आली ४.२६. नंतर त्याने उघड केले, की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातला बराचसा भाग बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. तुम्ही वरून कठोर पण आतून हळवे आहात, हे कुणाला लागू पडत नाही? फणस म्हणा की कारले म्हणा, वाक्य तेच.

वांग्याचीच एक जुनी गोष्ट आहे. आपण ती अकबर-बिरबलाच्या नावाने ऐकतो, पण चौदाव्या शतकातल्या उबैद झाकानी या इराणी विनोदकाराने ती गझनीच्या महमूदाच्या नावाने सांगितली आहे. सुलतानाला भूक लागली होती, वांगे आवडले. दरबाऱ्याने वांग्याचे गुण गायले. सुलतानाचे पोट भरले, वांगे नकोसे झाले. त्याच दरबाऱ्याने वांग्याचे दोष मोजायला सुरुवात केली. सुलतानाने टोकले तेव्हा तो म्हणाला, मी चाकरी तुमची करतो, वांग्याची नाही. मला या गोष्टीत नुसता विनोद दिसत नाही. वांगे तेच होते. त्याचा स्वभाव काय ते त्याच्या बियाणावर ठरले नाही, जेवणाऱ्याच्या मर्जीवर ठरले.

आता बटाट्याकडे येऊ. बटाट्याची जन्मपत्रिका मांडायचीच तर जन्मस्थळ दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत, पेरू-बोलिव्हियाचा मुलूख. मिरची मेक्सिकोकडची. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. आपला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावाही तिकडचाच. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज जहाजांनी यातले पुष्कळ काही आपल्या किनाऱ्यावर आणले. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजच. आता आषाढी एकादशीची साबुदाण्याची खिचडी आठवा. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची. चारही परदेशी! पण कोणता वारकरी त्यांना परके म्हणेल? कितीतरी धान्ये आणि भाज्या उपवासाला चालत नाहीत, पण समुद्रापलीकडून आलेला बटाटा चालतो. आणि तोच बटाटा रमजानमध्ये आमच्या इफ्तारच्या ताटात समोसा आणि भजी होऊन बसतो. त्याला कुणी विचारत नाही, तू मूळचा कुठला? तो इथल्या मातीत वाढला, इथल्या तेलात तळला गेला, इथलाच झाला.

भाजीला जी सवलत आपण सहज देतो ती माणसाला देत नाही. जन्मावरून स्वभाव ठरवणे हा खेळ जोवर खालाच्या फोनवर आहे तोवर हसायचे. तो सरकारच्या हातात गेला की काय होते ते आपल्याच इतिहासात लिहिलेले आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा विचार साधा होता : सुताराचा मुलगा सुतार, तसा अमुक जमातीचा मुलगा गुन्हेगार. काही केले असो वा नसो, जन्म पुरेसा. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, गाव सोडायला परवानगी घ्यायची. मुलांना आई-बापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही पुढे कायद्यात आली. १९११ च्या कायद्याने ही राशी मुंबई इलाख्यातही लागू झाली. पारधी, कैकाडी, रामोशी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती तिच्यात अडकल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात.

आपल्या वाचकांतल्या अनेकांना ठाऊक नसेल, की या यादीत मुसलमानही होते. छप्परबंद ही जमात. नावातच काम आहे : छप्पर बांधणारे. इंग्रजांच्या दफ्तरात त्यांच्यापुढे एकच स्वभाव लिहिला गेला, खोटी नाणी पाडणारे. छप्परबंदाच्या घरात जन्मलेल्या बाळाला ना गुरुजींनी तारीख विचारली, ना हकिमाने नाडी बघितली. त्याचे कोष्टक आधीच भरलेले होते.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. म्हणून या जमाती विमुक्त म्हणवतात आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण कोष्टक गेले नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही पारध्यांच्या पालावर जाते. शहरात घर भाड्याने बघायला गेलो, की नाव सांगताच मालकाचा चेहरा बदलतो. त्याने आपल्याला कधी पाहिलेले नसते, पण आपला स्वभाव त्याला वाचून झालेला असतो. आणि आपण तरी कुठे स्वच्छ आहोत? निकाहाची बोलणी सुरू झाली की 'ते बागवान, हे कसाई, ते पिंजारी' असे म्हणत आपणही बिरादरीवरून माणसाची चव ठरवतोच की. खोटे वाटत असेल तर पुढच्या लग्नाच्या बैठकीत कान उघडे ठेवा.

खालाचे चित्र मी फोनमधून काढून टाकलेले नाही. अब्बांनाही ते आवडले आहे. परवा त्यांना सहज विचारले, ''तुमचा खरा जन्म कधीचा?'' म्हणाले, ''आमची अम्मी सांगायची, हरभरा काढणीला आला होता.''

म्हणजे जून नाहीच. थंडी सरतानाचे दिवस. अब्बा दुधी नाहीत. मग कोण, हे मी चित्रात शोधले नाही. सत्तर वर्षे त्यांच्यासोबत जेवलेल्या माणसांना ते माहीत आहे.