कोंबड्यांतील मेदाचे मापन
कोंबडी जिवंत ठेवून तिच्या शरीरातील मेदाचे (चरबीचे) प्रमाण ठरविण्याच्या पद्धती. उरोस्थी व श्रोणि-अस्थी यांभोवतीचा भाग चाचपून पक्षी किती पुष्ट आहे याचा अंदाज बांधण्याची रीत जुनी आहे. तथापि अचूक मापनाची निकड मांसासाठी वाढविण्यात येणाऱ्या (ब्रॉयलर) कोंबड्यांमुळे भासू लागली. अमेरिकेत १९४८ साली ‘उद्याची कोंबडी’ या स्पर्धेची अंतिम फेरी झाली व पुढे जलद वाढीसाठी निवड करण्याची प्रथा रूढ झाली. केवळ वजनावरून निवड केल्याने मांसाबरोबर मेदही वाढला. उदरपोकळीतील मेद पक्षी साफ करताना बहुधा टाकून देतात. म्हणजेच त्यासाठी खर्ची पडलेले खाद्य वाया जाते.

पक्षी मारून, त्याचे शरीर दळून व विद्रावकाने मेद वेगळा करून त्याचे खरे प्रमाण कळते. परंतु मारलेल्या पक्ष्यापासून पुढील पिढी मिळत नाही. म्हणून भावंडे मारून त्यांवरून पैदाशीचे पक्षी निवडीत. यात सख्ख्या भावंडांमधील परस्पर फरक मात्र हाती लागत नाही. फ्रान्समध्ये बी. लक्लेर व त्यांचे सहकारी यांनी उदरातील मेदावरून कृश व मेदस्वी अशा दोन शाखा निवडल्या व १९८० मध्ये त्यांविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. मेदस्विता बरीचशी आनुवंशिक असल्याचे अशा प्रयोगांवरून दिसून आले.

त्याच वर्षी पिम व टॉम्सन यांनी जिवंत पक्ष्याच्या उदरातील मेद कॅलिपरने अजमावण्याची सोपी पद्धत मांडली. स्कॉटलंडमध्ये ग्रिफिन व व्हाइटहेड यांनी १९८२ मध्ये रक्तपरीक्षेचा मार्ग सुचविला. पक्ष्यांत मेद मुख्यतः यकृतात तयार होतो व अत्यल्प घनतेच्या लिपोप्रथिनांच्या रूपाने रक्तावाटे साठ्याच्या जागी पोहोचतो. त्यामुळे रक्तद्रवातील या लिपोप्रथिनांचे प्रमाण मेदस्वितेचे निदर्शक ठरते. अंड्यांवर आलेल्या कोंबडीत मात्र ईस्ट्रोजेनामुळे ते अतिशय वाढत असल्याने ही कसोटी लागू पडत नाही.

रुग्णावर १९७१ मध्ये प्रथम वापरलेले संगणकीय छेदचित्रण पुढे कोंबड्यांसाठीही वापरण्यात आले. स्नायूपेक्षा मेदात क्ष-किरणांचे शोषण कमी होत असल्याने छेदचित्रात दोन्ही वेगळे दिसतात. १९९० नंतरच्या दशकात दोन भिन्न ऊर्जांच्या क्ष-किरणांच्या शोषणावर आधारलेली पद्धतही वापरात आली. ही उपकरणे महाग असून मापनाच्या वेळी पक्षी निश्चल ठेवावा लागतो. शिवाय ही सर्व मापने अप्रत्यक्ष आहेत. त्यांचा मेळ अखेर मारलेल्या पक्ष्यांच्या रासायनिक विश्लेषणाशी घालावा लागतो. त्यामुळे पक्षी वाचविणाऱ्या पद्धतीच्या सिद्धतेसाठीही काही पक्षी मारावेच लागतात.