तिलिस्मला मराठीत काय म्हणावे?

चंडीगडमधल्या आमच्या बैठकीत देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता संतति’वरून वाद पेटला. तिलिस्मच्या ज्या भिंतीवरून आत डोकावणारा हसत हसत उडी घेतो, तिच्यात जादू आहे की यंत्र? वाद जुनाच. संभव-असंभवाची ही चर्चा खत्रींच्या हयातीतच झडली. आपण करमणुकीसाठी लिहिले, परीक्षेसाठी नव्हे, असे त्यांनी उत्तरही दिले. पण ऐयाराच्या बटव्यात त्यांनी मंत्र ठेवले नाहीत. बेशुद्धीची भुकटी आणि शुद्धीवर आणणारा लखलखा ठेवला! मराठीत तर त्याआधीच, १८७२ च्या निबंधात, का. बा. मराठे यांनी अद्भुतरम्य कादंबऱ्यांना असंभाव्यतेवरून झोडपले होते. वाचकाला तटस्थ राहता येते, अनुवादकाला नाही. ‘मायाजाल’ लिहिले की जादूवाले जिंकतात, ‘यंत्रगृह’ लिहिले की दुसरे. मी ‘तिलिस्म’ तसाच ठेवला. बैठकीत दोघेही नाराज.